तुर्की फ्री जाझमध्ये लोकसंगीत खरंच असतं का, आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की तुर्की फ्री जाझमध्ये, म्हणजे ठरलेल्या ठेक्याची-सुरावटीची चौकट न मानणाऱ्या जाझमध्ये, लोकसंगीत मुळातच असतं, की परदेशी श्रोत्यांना आवडावं म्हणून वरून लावलेलं असतं. दोन्ही प्रकार आहेत. पण चांगल्या वादकांच्या बाबतीत ते मुळातच असतं, असं मी ठामपणे म्हणेन. जाझवाल्यांनी १९६० च्या आसपास जो मोकळेपणा हट्टाने मिळवला, त्यातला बराचसा तुर्की वादकांच्या हातात आधीपासूनच होता.

तक्सीम ऐका. ऊद (तंतुवाद्य) किंवा नेय (बासरी) वाजवणारा एकटाच, ठेक्याशिवाय, मकाम म्हणजे तिथला राग उलगडत नेतो. आलापाची सवय असलेल्या कानाला हे लगेच जवळचं वाटतं. फरक इतकाच, की तक्सीम बहुधा काही मिनिटांत आटोपतो आणि वाटेत दुसऱ्या मकामांत शिरून परत येतो. लोकगीतांतही ‘उझुन हवा’ नावाचा लांब, ठेक्याविना गायचा प्रकार आहे. शिवाय बाग्लामा या लांब दांडीच्या तंतुवाद्याचे पडदे दांडीला बांधलेले असतात, ते सरकवता येतात, त्यामुळे पियानोच्या दोन पट्ट्यांमधले स्वरही त्यावर सहज निघतात.

आता तालाचं बघा. नऊ मात्रांचा तिथला एक नेहमीचा ठेका टाळी देऊन म्हणून पाहा: दोन, दोन, दोन, तीन. अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांनी १९५८ मध्ये इस्तंबूलच्या रस्त्यावर तो ऐकला आणि त्यावरून ‘ब्लू राँडो आ ला टर्क’ ही त्यांची गाजलेली रचना केली. मला ती आवडते. पण नीट ऐका: सोलो सुरू झाले की वादक जाझच्या चार मात्रांच्या नेहमीच्या ‘स्विंग’ ठेक्यात परततात. नऊचा ठेका मुखड्यापुरता राहतो. माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे. उपज सुरू झाल्यावरही ठेका अंगात टिकतो का?

ओकाय तेमिझ यांच्याकडे तो टिकतो. इस्तंबूलमध्ये १९३९ साली जन्मलेला हा ड्रमवादक साठच्या दशकाच्या अखेरीस स्वीडनला गेला. तिथे ट्रम्पेटवादक माफ्फी फालाय आधीच स्थायिक झालेले होते. अमेरिकेचे ट्रम्पेटवादक डॉन चेरी त्या काळात स्वीडनमध्ये राहत होते. नोव्हेंबर १९६९ मध्ये चेरी यांनी अंकारातल्या अमेरिकन दूतावासात एक मैफल केली. सोबत तेमिझ, टेनर सॅक्सोफोनवर इरफान सुमेर आणि बासवर सेलचुक सून. तिचं रेकॉर्डिंग ‘लाइव्ह अंकारा’ या नावाने मिळतं, आणि तुमची सुरुवात तिथूनच व्हावी.

त्यात अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या धुनांशेजारीच ‘तमझरा’, ‘कारादेनिझ’ अशा अनातोलियातल्या लोकधुना वाजतात. लोकधुना फार सजवलेल्या नाहीत. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन त्या जवळजवळ सरळ, एकत्र वाजवतात, आणि धून संपता संपता वादक तिच्यातूनच बाहेर पडतात. कोलमन यांच्या धुनांनाही त्यांनी हेच केलंय, त्यामुळे एक संपून दुसरी कधी सुरू झाली हे काही ठिकाणी पटकन कळतच नाही. त्यातल्या एका तुकड्याच्या नावात ‘भूपाला’ आहे, तोही चुकवू नका. चेरी यांचा भारतीय संगीताचा ध्यास पुढेही राहिला. आपल्या मुंबईचे तालवादक त्रिलोक गुर्टू त्यांच्याबरोबर वाजवायचे, आणि त्रिलोक यांच्या १९८८ च्या ‘उस्फ्रेत’ या अल्बममध्ये शोभा गुर्टू यांच्या आवाजासोबत चेरी यांचा ट्रम्पेट आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. या संगीताला ज्या रेकॉर्डवरून ‘फ्री जाझ’ हे नाव पडलं, ती कोलमन यांची १९६१ ची रेकॉर्ड, तिचे निर्माते नेसुही एर्तेगुन. जन्म इस्तंबूलचा, वडील अमेरिकेतले तुर्की राजदूत. आणि त्याच रेकॉर्डमध्ये डॉन चेरीही वाजवतात. तेव्हा तुर्कस्तान या गोष्टीत उशिरा येऊन बसलेला पाहुणा नाही.

अंकारानंतर फालाय यांचा ‘सेवदा’ हा गट घ्या. त्यातलं सालिह बायसाल यांचं व्हायोलिन अस्सल तिथल्या ढंगाचं आहे, जाझच्या वळणावर जायची त्याला गरजच पडत नाही. तेमिझ यांच्या ‘ओरिएंटल विंड’ या गटाची चाल जास्त नाचरी आहे, ती कधीही ऐकता येईल.

आजचं ऐकायचं तर इस्तंबूलचा ‘कोन्स्ट्रुक्ट’. उमुत चालार आणि कोर्हान फुताजी यांनी २००८ मध्ये सुरू केलेला हा गट पीटर ब्रोट्झमन, मार्शल ॲलन, जो मॅकफी अशा दिग्गजांबरोबर वाजला आहे. चालार गिटारबरोबर बांबूच्या बासऱ्याही वाजवतात. हे मात्र कर्कश आहे, पहिल्या दिवशी लावू नका.

त्याआधी गावाकडच्या लग्नातलं झुरना आणि दावुलचं कुठलंही साधं रेकॉर्डिंग ऐका. झुरना म्हणजे आपल्या सनईचीच भावकी, पण मोकळ्या मैदानासाठी बनलेली. वादक गालात हवा धरून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटतच नाही. दावुल म्हणजे मोठा ढोल; त्याच्या एका तोंडावर जाड टोला पडतो, दुसऱ्यावर बारीक काठी चरचरते. हे कानात बसलं की कोन्स्ट्रुक्टच्या सॅक्सोफोनचा तो न थांबणारा आरडाओरडा कुठून आलाय ते ओळखू येतं.

आणि गोंगाट मुळीच नको असेल, तर एर्कान ओउर यांचं ‘तेलविन’ हे त्रिकूट. मकामातले बारीक स्वर मिळावेत म्हणून ओउर यांनी १९७६ मध्येच गिटारचे पडदे काढून टाकले होते.