कुठल्या विचाराचे?

प्रिय मनू,

शनिवारी त्या काकूंच्या घरून परत येताना गाडीत मी बोलून गेले, "माणसं चांगली वाटली, पण कुठल्या विचाराची आहेत कोण जाणे." तू मागून विचारलंस, "त्यांनी आपलं काही वाईट केलंय का?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ते मनात सलतंय, म्हणून लिहिते.

हा प्रश्न मला माईकडून आलाय. सांगलीला घरी कुणी नवीन आलं की आधी आडनाव, मग गाव, आणि पाहुण्यांची पाठ वळली की अण्णांना, "कुठल्या विचाराचे रे?" देवघराखालच्या फडताळात तिचं एक पितळी फुलपात्र असायचं, एका बाजूने वितळून वाकडं झालेलं. भातुकलीसाठी मी ते उचललं, तर तिने हातातून काढून घेतलं. रागावली नाही. पदराने पुसलं आणि जागेवर ठेवलं.

३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत नथुराम गोडसेने गांधीजींचा खून केला. गोडसे ब्राह्मण, म्हणून सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. माई तेव्हा ११ वर्षांची. शेजारच्या तात्यांनी सगळ्यांना गोठ्यात कडब्यामागे लपवलं, आणि तिथल्या फटीतून तिने आपला वाडा जळताना पाहिला. सकाळी राखेत ते फुलपात्र सापडलं.

तात्या गांधी टोपीवाले. इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या वेळी भूमिगतांना रात्री-अपरात्री भाकरी पोचवलेले. दिवाळीत फराळाचा पहिला डबा माई त्यांच्याकडे धाडायची. मी एकदा म्हटलं, मग तात्यांच्या विचाराची माणसं वाईट कशी गं? "तात्या वेगळे," म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

माईची भीती मला खोटी वाटत नाही. तिला 'विसर आता' म्हणायची माझी कधी छाती झाली नाही. आजही कुणी 'बरं झालं जाळली ती घरं' म्हणालं, तर त्याच्या घरचं पाणी मला नको. पण शनिवारी तसं कुणीच काही बोललं नव्हतं. त्यांच्या भिंतीवरचा एक फोटो पाहिला आणि मी मनात ठरवून मोकळी झाले. त्या जमावाने तरी दुसरं काय पाहिलं होतं? आडनावच ना? माईला हे कधी म्हणू शकले नाही. आज तुला सांगतानाही तिच्याशी दगा करतेय असं वाटतंय.

तू माझ्यासारखंच वागावंस असं नाही. तुझं तू बघ.

त्या काकूंचा डबा आपल्याकडे राहिलाय. डबा रिकामा परत करायचा नाही, हेही माईचंच. भाजणी संपत आलीये, पण डबाभर चकल्या होतील. रविवारी नेऊन देते. यावंसं वाटलं तर ये.

तुझी,
आई