'निर्णयक्षमता', निवाडा आणि हेमचंद्राचा 'णिव्वड'

नाशिकरोडहून एका ताईंनी विचारलंय की सासऱ्यांची मेंदूची टेस्टिंग झाली, पत्ते, आकडे, चित्रं असं बरंच काय काय करून घेतलं, आणि रिपोर्टच्या मराठी गोषवाऱ्यात लिहून आलं 'निर्णयक्षमता क्षीण'. सासरे तर अजून भाजीचा हिशोब तोंडी करतात, पेपरातलं सुडोकू चहा गार व्हायच्या आत सोडवतात. मग शब्द चुकलाय का टेस्ट?

टेस्ट चुकली असं मला वाटत नाही. शब्द मात्र गुळगुळीत झालाय, आणि त्यावर माझा जुना राग आहे. आमच्या नाशकात द्वारका चौकापासून मुंबई नाक्यापर्यंत जा, कुणाचाही वाढदिवस असो, फ्लेक्सवर 'निर्णयक्षम नेतृत्व' ठरलेलं. म्हणजे काय, तर फटकन हो किंवा नाही म्हणणारा माणूस! नोकरीच्या इंटरव्ह्यूतही तेच, क्विक डिसिजन घेता का म्हणून विचारतात. आता निर्णयक्षमता म्हणजे वेग आणि वेग म्हणजे हुशारी असं डोक्यात बसलं की सुडोकू सोडवणाऱ्याची निर्णयक्षमता कमी कशी, हा प्रश्न पडणारच.

'निर्णय'चं पटकन सांगतो. निर् अधिक नी, म्हणजे नेणे. नेता, नीती, नय, विनय ही सगळी याच घरातली. एकादशी आज का उद्या हे पंचांग आणि शास्त्र बघून ठरवायचं, त्याला तिथिनिर्णय म्हणायचे. माझं मत असं (पटलं तर घ्या) की निर्णय हा नियमाच्या हाताला धरून होतो, नियम कळला की काम झालं. सुडोकू तसंच. पण ज्यात नियमच माहीत नाही, चार गोष्टी हाताळून कुठली बरी ते ठरवायचंय, त्याला मराठीत अस्सल शब्द आहे निवाडा, आणि खरं सांगायचं तर मला त्याबद्दलच लिहायचंय.

निवाडा आला निवडणे वरून. बिघडणे–बिघाड, उघडणे–उघाड, तसं निवडणे–निवाडा, मधला स्वर लांबवला की नाम तयार. (निवडुंगाचा इथे काही संबंध नाही, दर वेळी कुणीतरी विचारतंच.) म्हणजे पेशवाईतली निवाडपत्रं, आजची निवडणूक आणि ताटात तांदूळ निवडणं ही सगळी एकाच क्रियापदाची पोरं. आणि हे निवडणे कुठून आलं? बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे जैन आचार्य होऊन गेले, त्यांनी प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात 'णिव्वड' असा धातू दिलाय, आणि अर्थ काय दिलाय तर वेगळं होणे किंवा स्पष्ट होणे. दोन्ही अर्थ एकाच धातूला! वेगळं केलं की स्पष्ट होतं, हे त्या एका शब्दात बसलंय, मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून येरझाऱ्या घालत होतो.

आता आमच्यातलेच एक विद्वान हे निवडणे 'निवृत्त'वरून ओढून काढतात, आणि चारचौघांत ठासून सांगतात. अहो, निवृत्तातला 'वृत्' म्हणजे 'वर्त'च्याच घरातला, आणि 'वर्त' मराठीत आला की त्याचा ट नाहीतर त होतो. वर्त्मची वाट झाली, वर्तीची वात झाली, मग निवृत्तचा तेवढा 'निवड' कसा होईल? मराठीतला मधला ड प्राकृतातल्या एकट्या ड मधून येतो, कटुचं कडु आणि मग कडू, घटचा घड आणि मग घडा. हेमचंद्रांनी सुद्धा णिव्वड संस्कृतातून ओढूनताणून साधला नाही, सरळ 'भू' (होणे) या धातूच्या जागी येणारा आदेश, म्हणजे बदली शब्द, म्हणून नोंदवला. पण काही लोकांना प्रत्येक मराठी शब्दाला संस्कृत आजोबा लागतातच.

लासलगाव-निफाडकडे कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा बाहेर काढतात तेव्हा निवडायला बाया बसतात ते बघा कधी. एक कांदा उचलायचा, अंगठ्याने मान दाबायची, मऊ लागली की तो बाजूला, गोल्टी म्हणजे बारका कांदा वेगळा, चांगला माल वेगळा. गप्पा चालूच असतात, नजर भलतीकडे, आणि अंगठ्याला आधी कळतं. त्यांना विचारा हा का टाकला, तर त्या क्षणभर थांबतात आणि मग कारण सांगतात.

हे विषयांतर नाहीये. डिसिजन मेकिंगची जी सगळ्यात गाजलेली टेस्ट आहे ना, आयोवा गॅम्बलिंग टास्क, १९९४ मध्ये बेचारा, दमासिओ वगैरे मेंदूच्या अभ्यासकांनी आणलेली, तिच्यात असंच निवडायचं असतं. समोर पत्त्यांचे चार गठ्ठे, हातात २००० डॉलर खोटे, शंभर वेळा पत्ता उचलायचा, पण कुठल्या गठ्ठ्यात काय ते कुणी सांगत नाही. ए आणि बी दर पत्त्याला १०० देतात, सी आणि डी फक्त ५०. पण मध्येच दंड बसतो, आणि दहा पत्त्यांमागे हिशोब केला तर ए-बी वाला २५० ने बुडतो, सी-डी वाला २५० ने वर येतो. कपाळामागे, डोळ्यांच्या खोबणीच्या वरचा मेंदूचा भाग दुखावलेली माणसं ए-बी सोडतच नाहीत. बुद्ध्यांक चांगला, स्मरण चांगलं, बोलणं चांगलं, आणि पत्ता परत त्याच गठ्ठ्यातून! त्यातल्या काहींना तर कुठला गठ्ठा वाईट ते तोंडाने सांगता येत होतं.

१९९७ मध्ये त्याच टीमने तळहाताचा घाम मोजला. धडधाकट माणसाचा हात वाईट गठ्ठ्याकडे वळला की कारण सांगता यायच्या आधीच घाम वाढायचा, त्या रुग्णांचा मात्र वाढायचा नाही. मराठीत याला शंकेची पाल चुकचुकणे म्हणतात, ते लोक 'सोमॅटिक मार्कर' म्हणतात आणि आपण त्याचं 'कायिक चिन्हक' करून मोकळे होतो! २००४ मध्ये माइया आणि मॅक्लेलँड या संशोधकांनी मात्र दाखवलं की लोकांना नीट खोदून विचारलं तर त्यांना बरंच काही आधीच कळलेलं असतं, तेव्हा घामाचं फार कौतुक नको. मला ते पटतं, पण माझ्या पालीला त्याने धक्का लागत नाही.

'विवेक' हा शब्द वापरा म्हणणारे आता धावून येतील की त्यातही विच् म्हणजे वेगळं करणे आहेच. आहे ना, पण मराठीत विवेकाला सदाचाराचा वास लागलाय, रिपोर्टात 'विवेक क्षीण' लिहिलं तर सासरे वकील गाठतील.

हां, तर ताई. रिपोर्ट देणाऱ्यांना एवढंच विचारा की मार्क कुठे गेले. गठ्ठ्यांसारख्या टेस्टमध्ये गेले असतील तर मी त्याला निवड जमत नाही म्हणेन. दुसरी एक पत्त्यांची टेस्ट आहे, विस्कॉन्सिनची, १९४८ ची, तिच्यात पत्ते रंगाने लावायचे का आकाराने हा नियम न सांगता बदलतात आणि माणूस जुन्याच नियमाला चिकटून बसतो का ते बघतात. तिथे गेले असतील तर ती भानगड वेगळी, त्याला आपल्याकडे हेका असा चोख शब्द असताना 'निर्णयक्षमता क्षीण' कशाला लिहायचं? आणि हे नक्की कळेपर्यंत, सासऱ्यांनी सुडोकू सोडवलं म्हणून फिक्स डिपॉझिट मोडायच्या फॉर्मवर एकट्याने सही करायला देऊ नका.