मुळं छाटू नका, वाट वर उचला

पर्जन्यवृक्षाच्या मुळांनी सोसायटीच्या बागेतले पेव्हर ब्लॉक उचललेत, वडिलांची व्हीलचेअर अडकते आणि ठेकेदार म्हणतोय ‘मुळं छाटून लेव्हल करून देतो’, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. सहकारनगरला आमच्याकडे हुबेहूब हेच झालं. खुर्ची आईची होती, एवढाच फरक.

ठेकेदाराला हो म्हणण्याआधी मी झाडाच्या परवानगीसाठी एका कार्यालयात तीन चकरा मारल्या. टेबलावरच्या माणसाने अर्ज न वाचताच परत सरकवला, ‘फांदी तोडताय का? नाही ना? मग जमिनीखालचं आमच्याकडे येत नाही.’ आम्ही तेच खरं धरलं. राज्याच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येतच झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं येतं, हे मला झाड गेल्यावर कळलं. त्या माणसाला ते माहीत असायला हवं होतं. आजही त्याचा राग येतो.

जेसीबीने दीड फूट चर मारला. मनगटाएवढी मुळं तुटली, टोकं सुंभासारखी पिंजलेली. दोन वर्षं काहीच दिसलं नाही. मग शेंडा वाळला आणि वळवाच्या एका वादळात झाड चराच्या विरुद्ध अंगाला आडवं झालं. बागेत तेव्हा कुणी नव्हतं म्हणून निभावलं. वाट सपाट राहिली, पण सावली गेली. आईने त्यानंतर ‘खाली ने’ असं कधी म्हटलं नाही.

अन्न-पाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, म्हणून माझ्या मते खोदायचंच नाही. जुने ब्लॉक हाताने काढा, माती तशीच ठेवा, रोलर फिरवू नका. त्यावर जिओटेक्स्टाईल (पाणी झिरपू देणारं जाड कापड), मग जिओसेलमध्ये (मधमाशीच्या पोळ्यासारख्या प्लास्टिकच्या कप्प्यांच्या जाळीत) धुतलेली, कच नसलेली खडी आणि वर पाणी झिरपणारे पेव्हर. सुटी खडी वर नको, चाकं रुततात. चढ 1:20 ठेवा, म्हणजे 15 सेंमी उचलायला 3 मीटर लांबी. रुंदी 1.2 मीटर, वळायच्या जागी 1.5. खोडाला मातीची भर घालू नका. खोडाच्या व्यासाच्या बारापट अंतरापर्यंत मुळांचा भाग धरतात. वाट त्याच्या बाहेरून नेता आली तर उत्तमच.

मी इंजिनिअर नाही. झाड कललेलं असेल तर आधी वृक्षतज्ज्ञाला दाखवा. उन्हाळ्यात पर्जन्यवृक्षाच्या चिकट शेंगा चाकांना लागतात, वडिलांना खाली न्यायच्या आधी झाडून घ्या.

आणि अर्ज लेखीच द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.