वाचकांचे प्रश्न : चक्रीवादळ येण्याआधी विमानतळावर काय चालतं?

प्रश्न : माझी मुलगी फ्लोरिडातल्या टँपा शहरात राहते. ऑक्टोबर २०२४मध्ये 'मिल्टन' हरिकेन ९ तारखेला रात्री किनाऱ्यावर आलं, पण विमानतळ ८ तारखेला सकाळी ९ वाजताच बंद झाला. जवळजवळ दीड दिवस आधी! इतकी घाई कशासाठी?

उत्तर : विमानतळावर वादळ किनाऱ्याला कधी धडकणार ही वेळ धरून कोणी काम करत नाही. बाहेर उभं राहून काम करणं कधी अशक्य होणार, ती वेळ धरतात आणि तिथून उलटं मोजतात. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटरही तेच करतं. त्यांचा पहिला इशारा ४८ तास आधी आणि पक्का इशारा ३६ तास आधी येतो, पण हे तास ताशी ६३ किलोमीटरचे वारे पोचण्याआधीचे असतात, वादळाचा डोळा पोचण्याआधीचे नव्हे.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा १२० झाला की दाब चौपट. धावपट्टी वापरण्याजोगी असली तरी त्याआधीच माल चढवणं-उतरवणं थांबतं. एअरबस ए३२०चा मालकक्षाचा दरवाजा साधारण ४० नॉटपर्यंतच, म्हणजे ताशी ७४ किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यात उघडता येतो. नाक वाऱ्याकडे असेल तर ५० नॉट. बॅगाच चढवता येत नसतील तर प्रवासी बसवून उपयोग काय?

शेवटचं विमान गेल्यावरही बरंच काम उरतं: एरोब्रिज (टर्मिनलपासून विमानाच्या दारापर्यंतचे पूल) बांधायचे, शेकडो गाड्या आणि ट्रॉल्या आत घ्यायच्या, टर्मिनल रिकामं करायचं. मग या कर्मचाऱ्यांनी स्वतःची घरं कधी सावरायची? त्यांनाही स्थलांतराचे आदेश लागू असतातच. टँपाचा विमानतळ खाडीकाठी आहे, सर्वांत आधी रिकाम्या करायच्या 'ए' विभागात. तिथे माणसांना किंवा गाड्यांना आसरा मिळणार नाही, हे विमानतळाने त्या वेळी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून ही वेळ आम्हाला घाईची वाटत नाही, योग्यच वाटते.

प्रश्न : मग तिथली विमानं कुठे जातात?

उत्तर : दूर. उडू शकणारं विमान वादळाच्या वाटेत कोणतीही कंपनी ठेवत नाही. संध्याकाळी येऊन रात्रभर मुक्काम करणाऱ्या फेऱ्या सर्वांत आधी रद्द होतात, म्हणजे सकाळी तिथे विमान उरतच नाही. बाकीची अटलांटा, डॅलस, शार्लट अशा ठिकाणी जातात, जिथे उभं करायला जागा आणि अभियंते दोन्ही असतात. शेवटच्या दोन दिवसांत बाहेर पडणाऱ्या प्रवाशांसाठी मोठी विमानं लावतात. २०१७च्या 'इर्मा' हरिकेनच्या वेळी जेटब्लूने काही थेट उड्डाणांचं भाडं ९९ डॉलरवर रोखलं होतं.

त्याच 'इर्मा'त ६ सप्टेंबरला डेल्टाचं बोइंग ७३७-९०० ईआर पोर्तो रिकोतल्या सान हुआनला उतरलं आणि सुमारे ४० मिनिटांत १७३ प्रवासी घेऊन वादळाच्या दोन पाऊसपट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेतून परत निघालं. अनेकांना ते धाडस वाटलं. पण उतरताना वारा २४ नॉट होता, झोत ३१ नॉटपर्यंत. हे सगळं त्या विमानाच्या मर्यादेत बसत होतं. खरं कौशल्य जमिनीवर दिसलं. एरवी तासभर चालणारं काम ४० मिनिटांत उरकलं नसतं तर ते विमान तिथेच अडकलं असतं.

प्रश्न : दुरुस्तीला आलेलं, उडू न शकणारं विमान कसं वाचवतात?

उत्तर : हँगरमध्ये जागा असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर पहिली गोष्ट दिशा. उभी शेपटी म्हणजे मोठं शीडच. बाजूने वारा आला की ती विमानाचं नाक वाऱ्याकडे फिरवू पाहते. म्हणून नाक आधीच वाऱ्याकडे करून ठेवतात. मात्र वादळ सरकतं तसा वारा दिशा बदलतो, तेव्हा आत्ताच्या वाऱ्याकडे न बघता सर्वांत जोराचा वारा कुठून येणार हे हवामानाच्या अंदाजात पाहावं लागतं.

दुसरी गोष्ट वजन. रिकामं ए३२० सुमारे ४२ टनांचं असतं. टाक्या भरल्या तर सुमारे २४ हजार लिटर इंधन, म्हणजे आणखी १९ टन. फ्लॅप, स्लॅट, स्पॉयलर हे पंखांचे हलते भाग पूर्ण आत घेतात, कारण पंख उभ्या विमानालाही उचलू पाहतो. लँडिंग गिअरला, म्हणजे चाकांच्या पायांना, कुलूपपिना बसवतात. प्रत्येक चाकाला पुढून-मागून चॉक (अडसराचे ठोकळे) लावून ते एकमेकांना बांधतात. नुसत्या पार्किंग ब्रेकवर भरवसा नको. त्याचा हायड्रॉलिक दाब काही तासांनी उतरत जातो. वाऱ्याचा अंदाज आणि विमानाचं वजन यांवरून दोरांनी किंवा साखळ्यांनी जखडायचं का, ते देखभाल-पुस्तिकेतल्या तक्त्यावरून ठरतं.

मग इंजिनाच्या तोंडावर आणि मागे आच्छादनं. पाणी-कचरा अडतोच, शिवाय वाऱ्याने पंखा तासन्‌तास वंगणाविना फिरत राहत नाही. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांना लाल फितीची टोपणं घालतात. किती घातली ते लिहून ठेवतात आणि काढताना तेवढीच मोजून घेतात. एक राहिलं तर वैमानिकाला वेग चुकीचा दिसतो.

इतकं करूनही नुकसान होतं ते बहुधा दुसऱ्याच वस्तूमुळे. बॅगांचा रिकामा एलडी-३ कंटेनर ७०-८० किलोचा असतो, पण चारही बाजूंनी बंद. जोराच्या वाऱ्यात तो एप्रनवरून, म्हणजे विमानं उभी करण्याच्या जागेवरून, घसरत-गडगडत जातो आणि थेट विमानाच्या पोटावर आपटतो. म्हणून कंटेनर बॅगेज हॉलमध्ये नेतात किंवा जाळ्यांनी एकत्र जखडतात. शिड्या, चॉक, सुरक्षा-शंकू, कचऱ्याचे डबे यांतलं काहीही बाहेर ठेवत नाहीत.

छोट्या विमानांना दोन्ही पंख आणि शेपूट अशा तीन जागी दोर बांधतात. नायलॉनचा दोर घ्यावा. काथ्यासारखा नैसर्गिक धाग्याचा दोर भिजला की आखडतो. तोच वापरावा लागला तर इंचभर ढील ठेवावी.

प्रश्न : एरोब्रिजचं काय करतात?

उत्तर : पूर्ण मागे घेतात, सर्वांत खालच्या उंचीवर आणतात, पुढची घडीची छत्री मिटतात आणि जमिनीतल्या कड्यांना साखळ्यांनी बांधतात.

प्रश्न : वादळ गेलं, ऊन पडलं, तरी विमानतळ लगेच का उघडत नाही?

उत्तर : टँपा ११ ऑक्टोबरला सकाळी उघडला. मधल्या वेळात धावपट्टी इंच-इंच तपासावी लागते. पत्र्याचा तुकडा किंवा एक खिळा टायरला आणि इंजिनाला पुरेसा आहे. दिवे, उतरण्याची मार्गदर्शक यंत्रणा, कुंपण, सगळं पाहावं लागतं. इंधनाच्या टाक्यांत पाणी शिरलंय का हे तपासताना नमुना पिवळ्या कॅप्सूलमधून ओढतात. ती हिरवी झाली तर ते इंधन वापरत नाहीत. शिवाय इंधन येतं कुठून? ऑर्लँडोला ते टँपा बंदरातून पाइपलाइनने मिळतं. बंदर बंद असेल तर विमानांना परतीचं इंधन येतानाच सोबत आणावं लागतं.

आणि विमानं, वैमानिक, केबिन कर्मचारी सगळे दुसऱ्या शहरांत असतात. म्हणून पहिल्या दिवशीचं वेळापत्रक अर्धंमुर्धंच असतं.

प्रश्न : मुंबईत अशी वेळ आली तर प्रवाशाने काय करावं?

उत्तर : ३ जून २०२०ला 'निसर्ग'च्या वेळी मुंबई विमानतळ दुपारी अडीच ते संध्याकाळी सात बंद ठेवण्याचं जाहीर झालं होतं. १७ मे २०२१ला 'तौक्ते'त सकाळी ११पासून बंद केला आणि मुदत दोन-दोन तासांनी वाढवत रात्री १०पर्यंत नेली. म्हणजे पहिली जाहीर झालेली वेळ शेवटची समजू नका. तुमचं विमान कुठून येतंय ते ॲपवर पाहा. तेच तिकडून निघालं नसेल तर घर सोडू नका. वादळामुळे फेरी रद्द झाली तर भरपाई मिळत नाही, पण पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा हा तुमचा हक्क आहे. कंपनीने रद्द करण्याआधी तुम्हीच तिकीट रद्द केलंत तर मात्र रद्द करण्याचं शुल्क कापलं जाऊ शकतं. त्याआधी कंपनीने तारीख फुकट बदलण्याची सवलत जाहीर केली आहे का, ते पाहा.