मधमाशी रंगवण्याआधी तिच्याजवळ बसा

आपल्या जलरंगातील चित्रात तेरडा सुरेख उतरला आहे, पण मधमाशी पाहून नव्हे, आठवणीतून काढल्यासारखी वाटते. सातेरी जातीच्या मधमाशीला दोन नव्हे, चार पंख असतात, मागची जोडी लहान असते आणि पट्टे आपण दाखवलेत तितके पिवळेधमक नसतात. भाद्रपदात साताऱ्याजवळच्या कास पठारावर जाल, तेव्हा रंगपेटी उघडण्याआधी वाटेलगतच्या एकाच तेरड्याजवळ अर्धा तास थांबून पेन्सिलीने टिपणे करा. फुलात शिरून मागे सरकत बाहेर येणाऱ्या माशीच्या पाठीवर पांढरट पराग माखलेला दिसतो, आणि माझ्या मते चित्राचा खरा जीव तिथेच आहे. चित्रात पोळेही रंगवणार असाल, तर उघड्यावर लटकणारे एकच मोठे पोळे आग्या माशीचे असते. सातेरी ढोलीत समांतर पोळी बांधते.