मिशनच्या फुटबॉल शिबिरातून परतलेला मुलगा

ओहायोतील एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे घराणे मूळचे अहिल्यानगरचे, म्हणजे आपल्या जुन्या नगरचे, आणि काही पिढ्यांपासून ख्रिस्ती. त्यांचा १८ वर्षांचा मुलगा ऑगस्टच्या सुरुवातीला चर्चच्या फुटबॉल संघाबरोबर पश्चिम केनियात, किसुमूजवळच्या एका गावी मिशनच्या शिबिराला गेला होता. सकाळी लहान मुलांना खेळ शिकवायचा, दुपारी त्यांना बायबलमधील गोष्टी सांगायच्या आणि संध्याकाळी गावच्या संघाशी सामना खेळायचा, असा तेथील दिनक्रम होता. तो परत आल्यापासून घरात फारसे बोलत नाही, ताटात कोणी अन्न टाकले की चिडतो, नवे बूट घ्यायला नको म्हणतो, आणि येत्या रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, त्याने साफ नकार दिला आहे. पाळकसाहेबांनी कार्यक्रम तर जाहीर करून टाकला आहे, प्रवासासाठी पैसे दिलेले नातेवाईक वृत्तांत विचारत आहेत आणि आठवड्याभरात त्याला कॉलेजच्या वसतिगृहात पोहोचवायचे आहे. ‘आमचे काही चुकले का?’ असे त्या विचारतात.

ताई, तुमचे काही चुकलेले नाही, आणि त्याचेही काही बिघडलेले दिसत नाही. अशा शिबिरातील सर्वांत अवघड दिवस शेवटचा असतो आणि त्याची तयारी बहुधा कोणीच करून घेत नाही. जाण्यापूर्वी लसी, व्हिसा, गाणी, खेळांचे सराव या सगळ्यांच्या बैठका होतात, पण ‘पुन्हा कधी येणार?’ असे एखाद्या मुलाने हात धरून विचारले तर काय सांगायचे, हे कोणी शिकवत नाही. तुम्ही पत्रात ओघात एक गोष्ट लिहिली आहे की, शेवटच्या दिवशी त्याने आपले बूट तेथील गोलरक्षकाला देऊन टाकले, एवढेच तो आतापर्यंत आपणहून बोलला. मला सगळ्या पत्रात हेच वाक्य महत्त्वाचे वाटले. मुरमाच्या मैदानावर अनवाणी सूर मारणाऱ्या एका मुलाला बूट मिळाले आणि भोवती उभी असलेली बाकीची मुले ते पाहत राहिली. ज्या मनाला ही दुसरी बाजूही दिसली, ते मन घरी येऊन लगेच आनंदाचे वर्णन करू लागेल, अशी अपेक्षा आपण का धरावी?

म्हणून पहिले सांगणे असे की, ‘कसे झाले शिबिर?’ हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा, कारण त्याला ‘छान’ याखेरीज उत्तर देता येत नाही. तो गोलरक्षक कसा खेळतो, दुपारी जेवायला काय असे, चेंडू फाटला की ती मुले काय करत, असे लहान आणि नेमके प्रश्न विचारा. तेही भाजी चिरताना किंवा गाडीत, समोरासमोर बसवून नव्हे. तो अन्नावरून चिडला तर ‘आता तू आम्हाला शिकवणार का?’ असे म्हणू नका. त्याला एक दिवस स्वयंपाकात घ्या आणि किती शिजवायचे ते त्यालाच ठरवू द्या. कॉलेज सुरू झाल्यावरही काही आठवडे झोप उडालेली राहिली, जेवण तुटले किंवा तो मित्रांपासून दूर राहू लागला, तर मात्र कॉलेजातील समुपदेशकाकडे त्याला जरूर पाठवा.

आता साक्षीविषयी. ती येत्या रविवारी होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि पाळकसाहेबांशी हे तुम्हीच बोलावे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रेषित आपली फेरी आटोपून येशूकडे परततात, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दीत त्यांना जेवायलाही सवड मिळत नाही आणि येशू त्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो. पाळकसाहेबांना याहून वेगळा आधार देण्याची गरज पडणार नाही. नाताळच्या सुट्टीत तो घरी येईल, तेव्हा त्याच्या इच्छेने त्याला बोलू द्या.

तो साक्ष टाळतो आहे यामागे आणखी एक कारण असू शकते, आणि ते त्याच्या बाजूने जाणारे आहे. केनियाच्या २०१९ च्या जनगणनेनुसार तेथील ८५ टक्क्यांहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत. किसुमूपासून जवळच असलेल्या मसेनो येथे चर्च मिशनरी सोसायटीने १९०६ मध्ये सुरू केलेली शाळा आजही चालू आहे. म्हणजे तुमचा मुलगा गेला तो अशा लोकांकडे, ज्यांची उपासना त्याच्या ओहायोतील मंडळीपेक्षा कदाचित अधिक जोमदार असेल. ‘आम्ही तेथे देव घेऊन गेलो’ हे सभेत अपेक्षित असलेले वाक्य त्याच्या तोंडून निघत नसेल, तर तो प्रामाणिक आहे. आपण तेथे काय शिकलो, कोणाच्या घरी जेवलो, कोणी आपल्यासाठी प्रार्थना केली, हे सांगण्याची मोकळीक त्याला मिळाली तर तो बोलेल, असे मला वाटते.

या कामात तुमच्या सासूबाईंची मदत घ्या. नगरच्या ख्रिस्ती घरांत मिशनची आठवण दुसऱ्या बाजूने जपलेली असते. बाहेरून आलेली माणसे आपल्या पूर्वजांना कशी दिसली, हे त्या घरांना ठाऊक असते. सिंथिया फरार या मिशनरी शिक्षिका १८२७ मध्ये अमेरिकेतून मुंबईला आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते, हे आपण सारे जाणतो. तुमच्या मुलाने असे आयुष्यभर राहावे, असे मी सुचवत नाही. परंतु थोड्या दिवसांच्या भेटीने काय होते आणि काय होत नाही, हे आजी त्याला व्हिडिओ कॉलवर जितके सहज सांगू शकतील, तितके संघाच्या प्रशिक्षकालाही सांगता येणार नाही. खेळाडूचेच उदाहरण त्याला हवे असेल, तर स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल यांच्याविषयी त्याच्याशी बोला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवार हा उपासनेचा दिवस म्हणून त्यांनी त्या दिवशी धावण्यास नकार दिला आणि ४०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले, एवढेच आपण नेहमी ऐकतो. पुढे ते चीनमध्ये शिक्षक झाले, जपानी सैन्याच्या नजरकैदेत असताना छावणीतील मुलांचे खेळ चालवू लागले आणि मुले आपसांत भांडू नयेत म्हणून रविवारच्या खेळालाही पंच म्हणून उभे राहिले. १९४५ मध्ये त्याच छावणीत त्यांचा मृत्यू झाला. मला ऑलिंपिकपेक्षा ही रविवारची पंचगिरी मोठी वाटते.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिता की, तेथील मुलांचे व्हॉट्सॲपवर निरोप येतात, कोणाला बूट हवे आहेत तर कोणाला शाळेची फी. अशा मागणीत लबाडी आहे, असे मानू नका. केनियात २००३ पासून प्राथमिक शिक्षण मोफत झाले, २००८ पासून दिवसाच्या माध्यमिक शाळांचे शिकवणी शुल्क सरकार देऊ लागले, तरी गणवेश, जेवण आणि वसतिगृह यांचा खर्च पालकांवरच पडतो आणि तो पुष्कळांना जड जातो. तरीही मुलाने एकेकाच्या फोनवर परस्पर एम-पेसाने, म्हणजे तेथील मोबाइल-पैसे सेवेने, पैसे पाठवू नयेत. त्यामुळे ज्याला मिळाले आणि ज्याला नाही, अशी फूट गावात पडते आणि यजमान मंडळीला ती पुढे वर्षभर निस्तरावी लागते. मदत करायचीच असेल तर तेथील पाळक आणि प्रशिक्षक यांना विचारून, शाळेच्या खात्यावर, फीचा कागद पाहून करावी. अल्पवयीन मुलांशी खासगी गप्पा चालू ठेवू नयेत. संघातील एखादी मोठी व्यक्ती असलेल्या गटातच बोलावे. मुलांचे चेहरे दिसणारी छायाचित्रे त्यांच्या पालकांच्या संमतीवाचून कोठेही टाकू नयेत, आणि साक्षीच्या वेळी पडद्यावरही दाखवू नयेत. जे वचन त्याने देऊन टाकले असेल आणि पाळता येणार नसेल, ते मोडल्याचे त्याने स्वतः कळवावे. हे पत्र लिहिताना तुम्ही त्याच्याजवळ बसा, मजकूर मात्र त्यालाच लिहू द्या.

नातेवाईकांना त्याने हाताने लिहिलेले आभाराचे चार शब्द पाठवावेत. शिल्लक रक्कम परत मिळेल का, असे कोणी विचारले तर सांगा की, अमेरिकेत असे दान चर्चला दिलेले मानले जाते, प्रवाशाला नव्हे, त्यामुळे ते सहसा परत होत नाही. २५० डॉलर किंवा त्याहून अधिक दिलेल्यांनी कराच्या वजावटीसाठी चर्चची लेखी पावती मागून घ्यावी.

प्रकृतीकडे दुर्लक्ष नको. व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर मलेरियाचा आहे आणि त्याच्या प्रतिबंधक गोळ्या परतल्यानंतरही घ्यायच्या असतात: ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. वसतिगृहाच्या गडबडीत त्या हमखास चुकतात. पुढचे वर्षभर केव्हाही ताप आला तर त्याने त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन ‘मी केनियाला जाऊन आलो आहे’ हे आधी सांगावे, कारण ओहायोतील डॉक्टरांच्या मनात मलेरिया आपणहून येणार नाही. तो सरोवरात पोहला होता का, हेही विचारा. पोहला असल्यास सहा ते आठ आठवड्यांनी बिल्हार्झियाची (सरोवराच्या पाण्यातून होणाऱ्या जंतांच्या आजाराची) रक्ततपासणी करून घ्या. इतर वाचकांसाठी एक सूचना: नैरोबीहून परस्पर मुंबईला आजी-आजोबांकडे जायचा बेत असेल, तर पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र जवळ असलेच पाहिजे. ते नसल्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते, आणि लस घेऊन दहा दिवस झाल्याखेरीज प्रमाणपत्र ग्राह्य धरत नाहीत.

पुढच्या वर्षी पुन्हा पाठवावे का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जानेवारीपूर्वी देऊ नका. दरम्यान त्याने तेथील प्रशिक्षकांना मोकळेपणी विचारावे की, त्यांना पाहुणा संघ हवा आहे, की त्याच विमानखर्चातून गावच्या दोन-तीन तरुणांना प्रशिक्षकाचे शिक्षण मिळालेले अधिक उपयोगी पडेल. ते ‘या’ म्हणाले तर त्याला अवश्य जाऊ द्या, आणि त्याच गावाला जाऊ द्या.