दारापुढची गर्दी : ओपीडीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमचे नर्सिंग होम आहे. रोज साठेक पेशंट असतात. नव्या खुर्च्या, टीव्ही, वॉटर कूलर, सगळे आणले. तरी लोक डॉक्टरांच्या दारालाच चिकटून उभे राहतात आणि भांडणे होतात. आणखी खुर्च्या घ्याव्यात का?

उत्तर : नको. नंबर चुकेल ही धास्ती आहे तोवर खुर्चीत कुणी टेकणार नाही. कंपाउंडरचा पुकारा टीव्हीच्या आवाजात मागे ऐकू जात नाही. तेवढ्यात कुणी ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय’ म्हणत आत शिरतो, त्याच्या मागून औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर. हे सगळे दारातून दिसते, म्हणून सगळे दारात.

आधी टीव्हीचा आवाज बंद करा. दारावर चालू नंबर दिसू द्या. डिस्प्ले परवडत नसेल तर हाताने पालटायच्या अंकांच्या पाट्या चालतात. अंकाची उंची दर ३ मीटर अंतराला साधारण २५ मिलिमीटर धरा. शेवटची खुर्ची ९ मीटरवर असेल तर ७५ झाले. वयस्कांसाठी १०० करा. पाटीची खालची कड सव्वादोन मीटरवर हवी, नाहीतर उभ्या माणसांच्या डोक्यांआड जाते.

दर पाच नंबरांनंतर एक रिपोर्टवाला, असा नियम करून तो भिंतीवर लिहा. लोक थांबायला तयार असतात, मधे घुसलेला माणूस त्यांना खपत नाही. एमआरना ओपीडी संपल्यावर बोलवा. डॉक्टर ऑपरेशनला गेले तर ‘ओपीडी साधारण ११.४५ ला’ असे फळ्यावर लिहा. किती वेळ आणि का, हे न कळलेले थांबणे जास्त लांब वाटते, हे रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिणारे डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ मध्येच मांडले आहे. ब्रिटनमध्ये डिझाइन कौन्सिल या संस्थेच्या प्रकल्पात अपघात विभागांत ‘आता काय होईल, पुढे काय’ सांगणारे फलक लावले, तेव्हा ७५ टक्के रुग्णांनी वैताग कमी झाल्याचे सांगितले. तो तातडीचा विभाग होता, पण धास्ती तीच.

प्रश्न : आम्ही सगळ्यांना ९ लाच बोलावतो. वेळा देऊन कुणी पाळेल का?

उत्तर : माणशी ४ मिनिटे धरली तर साठावा पेशंट १२.५६ ला आत जातो. डॉक्टर अर्धा तास उशिरा आले तर १.२६ ला. म्हणून लोक सातलाच नंबर लावतात.

अर्ध्या तासात साडेसात पेशंट बसतात, पण सहाच द्या. चार तासांत आठ तुकड्या, म्हणजे ४८. पहिल्या तुकडीत दोन जास्त, एकूण ५०, म्हणजे कुणी चुकला तरी डॉक्टर रिकामे बसत नाहीत. सुरुवातीला दोघांना एकदम बोलावण्याची ही युक्ती बेली आणि वेल्च या संशोधकांनी १९५२ मध्ये सुचवली होती. उरलेल्या दहा जागा रिपोर्टवाले आणि तातडीचे यांना. वेळ देताना गाव विचारा : पहिल्या एसटीने येणाऱ्याला ११.३० ची वेळ देऊन उपयोग नाही, तो आठलाच दारात असणार. आणि डॉक्टरच वेळेवर आले नाहीत, तर पुन्हा सगळे पहाटेच रांगेत.

प्रश्न : गुडघेदुखीचे आणि खोकणारे पेशंट एकाच खोलीत बसतात. बसण्याची सोय कशी करावी?

उत्तर : दाराजवळच्या खुर्च्या ४५ सेंटिमीटर उंच आणि हात असलेल्या घ्या, उठताना रेटा द्यायला हात लागतात. खोल सोफा काढून टाका, त्यातून म्हाताऱ्या माणसाला उठवत नाही. रांगेच्या टोकाला व्हीलचेअरसाठी ९० × १२० सेंटिमीटर जागा मोकळी सोडा.

खोकणाऱ्याला केसपेपर काढतानाच ओळखा, मास्क द्या, उघड्या खिडकीशी बसवा आणि शक्य तितक्या लवकर आत घ्या. क्षयरोग असेल तर बंद एसी खोली सर्वांत वाईट. नैसर्गिक वायुवीजनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ओपीडीत माणशी सेकंदाला ६० लिटर हवा सुचवली आहे; समोरासमोर खिडक्या उघड्या नसतील तर ती मिळणे कठीण. एक्झॉस्ट फॅन लावला असेल तर त्याच्या शेजारची खिडकी बंद ठेवा. ती उघडी असली तर फॅन तिथूनच हवा ओढून बाहेर टाकतो आणि खोलीतली हवा जिथल्या तिथे राहते.